हेडर बदलल्यावर पेटणारा पिवळा दिवा

मोटारीच्या धूरनळीत फेरफार केला की पहिली तक्रार शेजारी करतात आणि दुसरी तक्रार खुद्द मोटार करते. शेजाऱ्यांची तक्रार आवाजाची असते. मोटारीची तक्रार म्हणजे वेगमापकाच्या तबकडीत पेटणारा, इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा. बाजारातील 'हेडर' हौसेने बसवून घेतला की पुष्कळदा हा दिवा थोड्याच दिवसांत पेटतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, पडद्यावर 'ऑक्सिजन सेन्सर' हे शब्द उमटतात आणि मिस्त्री निर्वाळा देतो, 'सेन्सर गेला.' काही हजार रुपये मोजून नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पेटतो.

असे का होते? कारण स्कॅनरवरचा कोड हा निकाल नसतो, ती केवळ फिर्याद असते. फिर्यादीत ज्याचे नाव येते तोच गुन्हेगार असेल असे नाही. पुष्कळदा तो साक्षीदार असतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या कल्याणपुढच्या पट्ट्यात 'एमएच ०५' क्रमांकाच्या हजारो पेट्रोल आणि सीएनजी गाड्या धावतात. त्यांपैकी कोणाच्या गाडीत हेडर, मॅनिफोल्ड अथवा सायलेन्सर बदलल्यावर हा दिवा पेटला असेल, तर नवा सेन्सर विकत घेण्यापूर्वी तपास कोणत्या क्रमाने करावा, याची ही माहिती.

हेडर आणि सेन्सर यांचे नाते

चार सिलिंडरच्या इंजिनातून जळालेला वायू चार वाटांनी बाहेर पडतो. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत या चार वाटा बिडाच्या किंवा पत्र्याच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतात. हेडरमध्ये त्याऐवजी लांब, गोल वळणांच्या स्वतंत्र नळ्या असतात. चारही नळ्या एकदम एका नळीत मिळाल्या तर 'फोर इनटू वन' आणि आधी दोन-दोन मिळून मग एक झाल्या तर 'फोर-टू-वन' अशी नावे प्रचलित आहेत. एका सिलिंडरच्या वायूने दुसऱ्याची वाट अडवू नये, हा त्यामागचा विचार. शर्यतीच्या गाडीत त्याचा लाभ दिसतो. शहरात फिरणाऱ्या लहान इंजिनाला, संगणकाची मांडणी न बदलता, त्यातून मिळणारी ताकद बेताचीच असते. आवाज मात्र हमखास वाढतो.

ऑक्सिजन सेन्सर, म्हणजेच 'लॅम्डा सेन्सर', याच वाटेवर बसलेला असतो. जर्मनीच्या बॉश कंपनीने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्हो गाडीत प्रथम आला. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची एक टोपी असते. तिच्या एका अंगाला बाहेरची हवा आणि दुसऱ्या अंगाला धूर असतो. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या प्रमाणात जितका फरक, तितका विद्युतदाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन उरलेला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झाले असेल, तर दाब ०.८ ते ०.९ व्होल्ट असतो. ऑक्सिजन उरलेला असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडले असेल, तर तो ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत उतरतो. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे आदर्श प्रमाण. इंजिनाचा संगणक, ज्याला 'ईसीयू' म्हणतात, या सेन्सरवर नजर ठेवून पेट्रोलची मात्रा सतत कमी-अधिक करीत असतो. म्हणूनच निरोगी गाडीत पुढच्या सेन्सरची रेघ सारखी वर-खाली होताना दिसते.

सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. त्यासाठी त्याच्या पोटात एक हीटर असतो. आजच्या बहुतेक गाड्यांत दोन सेन्सर असतात. एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, दुसरा त्याच्या नंतर. पहिला पेट्रोलची मात्रा ठरवण्यास मदत करतो. दुसरा मुख्यतः कन्व्हर्टर आपले काम करतो की नाही यावर पहारा देतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर साध्या प्रकारचा नसून 'वाइडबँड' अथवा 'एअर-फ्युएल' प्रकारचा असतो. त्याला ०.१ ते ०.९ व्होल्टची मोजपट्टी लावता येत नाही. त्याचे वाचन स्कॅनरवर लॅम्डा अथवा प्रवाहाच्या रूपात येते. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेतून आधी ठरवावे; नाही तर चांगला सेन्सरही सदोष वाटतो.

कोड काय सांगतो?

आपल्याकडे भारत स्टेज चार मानके १ एप्रिल २०१० रोजी मुंबई-पुण्यासह निवडक शहरांत आणि १ एप्रिल २०१७ रोजी देशभर लागू झाली. गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करण्याची 'ओबीडी' पद्धत याच मानकांबरोबर आली; तिचा दुसरा, अधिक काटेकोर टप्पा चारचाकींसाठी १ एप्रिल २०१३ पासून सुरू झाला. भारत स्टेज सहा मानके १ एप्रिल २०२० पासून लागू आहेत. त्यामुळे गेल्या दशकातील बहुतेक पेट्रोल गाड्यांत सुकाणूखाली सोळा पिनांचे जोडणीस्थान सापडते. मोबाइलला जोडता येणारा साधा स्कॅनर तेथे लावला तरी कोड वाचता येतो. त्याहून जुन्या गाड्यांना मात्र पुष्कळदा कंपनीचाच स्कॅनर लागतो.

कोडमधील पहिले अक्षर 'पी' म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग. चार सिलिंडर एका रांगेत असलेल्या गाडीला 'बँक १' एवढी एकच बाजू असते. 'सेन्सर १' म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा आणि 'सेन्सर २' म्हणजे नंतरचा. हेडर बदलल्यावर वारंवार दिसणारे कोड आणि त्यांचा अर्थ असा:

• पी०१३१: पुढच्या सेन्सरचा दाब सतत कमी. बाहेरची हवा धूरनळीत शिरत असल्याचा संशय प्रथम घ्यावा.

• पी०१३३: पुढचा सेन्सर संथ. गळती, इंजिनापासून दूर गेलेली जागा किंवा टोकावर साचलेला थर.

• पी०१३४: पुढच्या सेन्सरची हालचालच नाही. निसटलेला जोड, तुटलेली तार अथवा थंड राहिलेला सेन्सर.

• पी०१३५, पी००३१, पी००३२: पुढच्या सेन्सरच्या हीटरचे वीजमंडल. फ्यूज, तार, जोड आणि शेवटी हीटर.

• पी०१३७, पी०१३८, पी०१४०, पी०१४१: हेच दोष मागच्या सेन्सरबाबत. अनुक्रमे कमी दाब, जास्त दाब, हालचाल नाही आणि हीटरचे मंडल.

• पी०१७१ व पी०१७२: मिश्रणात पेट्रोल फार कमी अथवा फार जास्त.

• पी०४२०: कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली.

• पी२१९५: वाइडबँड सेन्सर 'पेट्रोल कमी' याच वाचनावर अडकलेला.

यांतील अनेक दोष सलग दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय दिवा पेटत नाही. म्हणूनच हेडर बसवला त्या दिवशी सारे आलबेल वाटते आणि तक्रार नंतर सुरू होते. कोड कोणता आला याइतकेच तो कोणत्या स्थितीत आला हेही महत्त्वाचे असते. त्या क्षणीचे इंजिनाचे फेरे, तापमान आणि भार यांची नोंद संगणक 'फ्रीज फ्रेम' म्हणून जपून ठेवतो. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते. तेव्हा आधी लिहून अथवा छायाचित्र काढून ठेवावे आणि मगच पुढे जावे.

पहिला संशय सांध्यावर

हीटर असलेला सेन्सर सहसा लाखभर किलोमीटर आणि त्याहून अधिक टिकतो. काल व्यवस्थित चालणारा सेन्सर नेमका हेडर बदलण्याच्या मुहूर्तावर निवृत्त होण्याचा योग विरळा. काल आणि आज यांत जे बदलले, ते आधी तपासावे हा साधा न्याय येथे लागू पडतो. बदलले काय? इंजिन आणि हेडर यांमधील पॅकिंग, नळ्यांचे सांधे आणि वेल्डिंग, सेन्सरची जागा, त्याची तार.

यांपैकी पहिला मान गळतीचा. धूर एकसारख्या धारेने न वाहता ठोक्याठोक्याने वाहतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो आणि बारीकशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा सेन्सरच्या आधी शिरली तर सेन्सर इमानदारीने सांगतो की, ऑक्सिजन उरला आहे. संगणक समजतो, पेट्रोल कमी पडले. तो मात्रा वाढवतो. गळती तशीच राहते, म्हणून तो आणखी वाढवतो. इंजिनाला नको असलेले पेट्रोल मिळत राहते, प्लग काळे पडतात, खप वाढतो आणि न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळू लागते. कन्व्हर्टर मर्यादेबाहेर तापतो आणि त्याची आतील जाळी वितळू शकते. सेन्सरवर अन्याय झाला एवढेच नव्हे, तर काही रुपयांच्या पॅकिंगपायी अनेक हजारांचा भाग निकामी होतो.

गळतीने दाखवलेले खोटे 'कमी पेट्रोल' आणि खरे 'कमी पेट्रोल' यांतील फरक प्लग काढून पाहिला तर कळतो. स्कॅनर पेट्रोल कमी म्हणतो आणि प्लग काजळीने काळे आहेत, तर दोष धूरनळीत शोधावा. प्लग पांढुरके असतील तर मिश्रण खरोखरच पातळ आहे; मग इंधनपंप, फिल्टर, इंजेक्टर अथवा हवेच्या वाटेवरील फट पाहावी.

जागा, तार आणि उष्णता

हेडरच्या नळ्या लांब असल्याने सेन्सरची जागा इंजिनापासून दूर सरकते. तेथे धूर तुलनेने थंड पोचतो, सेन्सर तापायला वेळ लागतो आणि 'संथ' अथवा 'हालचाल नाही' अशा तक्रारी सुरू होतात. फोर-टू-वन प्रकारात कधी सेन्सर एकाच नळीवर बसवलेला आढळतो. मग तो चारांऐवजी एक-दोन सिलिंडरचेच मत सांगतो आणि संगणक तेच साऱ्या इंजिनाचे मत समजतो. सेन्सर नेहमी सर्व नळ्या एकत्र आल्यानंतरच्या जागी असावा.

तो बसवण्याचा कोनही महत्त्वाचा आहे. सेन्सरचे शेपूट क्षितिजापेक्षा किमान दहा अंश वर असावे, म्हणजे नळीत साचणारे पाणी त्याच्या टोकात जमत नाही. नळीच्या तळाशी, खालून वर बसवलेला सेन्सर पाण्याच्या थेंबाने तडकण्याचा धोका असतो. तापलेल्या मातीच्या भांड्यावर थंड पाणी पडावे तसा.

नळी लांबली की तार अपुरी पडते आणि ती तोडून जोडली जाते. अनेक सेन्सर बाहेरच्या हवेचा नमुना तारेच्या आवरणातूनच घेतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सोल्डरने तो मार्ग बंद होतो. त्यामुळे सेन्सरची तार सोल्डर करू नये. जोडणी वाढवायचीच झाली तर गाडीच्या बाजूची तार वाढवावी अथवा तयार जोड-तार घ्यावी. नव्या नळ्या तापल्या की आवरण वितळते, म्हणून तार नळीपासून दूर बांधलेली असावी. काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या सेन्सरचे जोड सारखेच असतात. ते परस्परांत बदलले गेले तर दोन्ही सेन्सर चांगले असूनही संगणक गोंधळतो.

पॅकिंगबरोबर सांध्याला सिलिकॉनचा लेप लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर काचेसारखा थर धरते आणि तो सेन्सर मग खरोखरच मरतो. 'सेन्सर-सेफ' असे स्पष्ट लिहिलेलाच लेप वापरावा. आणि धूरनळीच्या सांध्याला मुळात धातूचे योग्य पॅकिंग असेल तर लेपाची गरजही नसते.

तपासाचा क्रम

१. इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या जागेत गाडी सुरू करावी. पहिल्या मिनिटभरात हेडरच्या बाजूने 'टिक-टिक' असा आवाज येत असेल आणि गाडी तापल्यावर तो विरत असेल, तर गळती नक्की समजावी. धातू प्रसरण पावला की फट मिटते. सांध्याभोवती काळी रेघ उमटली आहे का, तेही पाहावे. इमारतीखालच्या बंदिस्त वाहनतळात ही चाचणी करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असून तो प्राणघातक ठरू शकतो. इंजिनाजवळची गळती हाच वायू गाडीच्या आतही आणते.

२. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधणारे यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर इंजिन बंद ठेवून शेपटाकडून कमी दाबाची हवा सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तेथे फट. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याचीच ही रीत.

३. स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' पाहावा. संगणकाने मूळ मात्रेत किती टक्के वाढ अथवा घट केली, हे त्यातून कळते. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सहसा स्वाभाविक. पंचवीस टक्क्यांच्या आसपास अनेक गाड्या पी०१७१ नोंदवतात. गाडी उभी असताना ट्रिम चढलेला आणि २५०० फेऱ्यांवर तो उतरत असेल, तर हवेची अथवा धुराची गळती. उलट, वेग आणि भार वाढताना ट्रिम चढत असेल, तर इंधनपुरवठा अपुरा.

४. तापलेल्या गाडीत साध्या प्रकारच्या पुढच्या सेन्सरची रेघ पाहावी. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की ती ०.८ व्होल्टपर्यंत उडी घेते आणि सोडताच ०.२ च्या खाली येते का? येत असेल तर सेन्सर निर्दोष आहे. दोष अन्यत्र शोधावा.

५. हीटरचा कोड असेल तर आधी फ्यूज पाहावा. नंतर गाडी थंड असताना जोड सोडवून हीटरच्या दोन तारांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. तो सर्वसाधारणपणे २ ते १५ ओहमच्या दरम्यान असतो. नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. बॉश पद्धतीच्या सेन्सरमध्ये हीटरच्या दोन्ही तारा पांढऱ्या असतात. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असू शकतात. मीटरने अखंड मंडल दाखवलेच नाही, तर हीटर गेला.

६. एवढे झाल्यावरही दोष सेन्सरचाच ठरला, तरच तो बदलावा. नवा सेन्सर पुस्तिकेतील मापानेच आवळावा. आटे न चिकटण्यासाठी लावायची पेस्ट आट्यांपुरतीच. टोकाला लागू देऊ नये. जमिनीवर पडलेला सेन्सर वरून धड दिसला तरी आतून तडकलेला असू शकतो.

पी०४२०: येथे गाडी खरे बोलते

वरील सर्व कोडांहून पी०४२० ची जात निराळी. निरोगी कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरची रेघ ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहते. तीच रेघ पुढच्या सेन्सरसारखी नाचू लागली की संगणक ओळखतो, मध्ये कोणी काम करीत नाही.

आजच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. अशा गाडीचा मॅनिफोल्ड काढून साधा हेडर लावला, तर कन्व्हर्टरही निघून जातो. मग पी०४२० ला 'सेन्सरचा दोष' म्हणणे म्हणजे चोरी झाल्याचे सांगणाऱ्या पहारेकऱ्यालाच डांबून ठेवणे होय. त्यावर उपाय एकच, कन्व्हर्टर परत बसवणे.

चोरीची उपमा येथे शब्दशः खरी आहे. २०२० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये मारुतीच्या 'इको' गाड्यांचे सायलेन्सर चोरीस गेल्याच्या अनेक फिर्यादी पोलिसांकडे आल्या. चोरांचा डोळा पत्र्यावर नव्हता. कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंवर होता. चोरीनंतर स्वस्तातला, आतून रिकामा अथवा नाममात्र जाळीचा सायलेन्सर बसवला तर दिवा पेटणारच. हौसेने कन्व्हर्टर काढलेला असो वा चोराने नेलेला असो, गाडीच्या लेखी दोन्ही सारखेच.

या पट्ट्यातील काही विशेष

पहिला विशेष पावसाचा. २६ जुलै २००५ चा महापूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीकाठच्या रहिवाशांच्या स्मरणात आहे. एवढा पूर नसला तरी पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले पाणी गाडीच्या पोटापर्यंत सहज पोचते. हेडरसाठी खाली आणलेला सेन्सरचा जोड मग पाण्यात बुडतो, पिनांवर हिरवा गंज चढतो आणि हीटरचे कोड येऊ लागतात. अशा वेळी जोड उघडून, सुकवून, स्वच्छ करून आणि वर बांधून पुष्कळदा काम भागते.

दुसरा विशेष गाडीच्या वापराचा. येथील नोकरदार लोकलने मुंबईला जातो आणि गाडी घर ते स्टेशन एवढीच धावते. या चार-पाच किलोमीटरांत धूरनळी पुरती तापत नाही, आतले पाणी सुकत नाही. दुरुस्तीनंतर कोड पुसला तरी संगणकाच्या अंतर्गत चाचण्या, ज्यांना 'रेडिनेस' म्हणतात, अपुऱ्या राहतात. दिवा पेटला नाही म्हणजे दुरुस्ती झाली, असा निष्कर्ष मग फसवा ठरतो. काटई-बदलापूर रस्त्यावर वर्दळ नसताना थंड गाडीने निघून, मर्यादेत एकसारख्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटे चालवावे, अधूनमधून ॲक्सिलरेटर सोडून वेग आपोआप उतरू द्यावा आणि मग स्कॅनरवर चाचण्या पूर्ण झाल्या का ते पाहावे.

तिसरा विशेष सीएनजीचा. कोड केवळ गॅसवर येतो की पेट्रोलवरही, हे आधी ठरवावे. दोन दिवस केवळ पेट्रोलवर चालवून कोड परतला नाही, तर हेडरऐवजी गॅसच्या किटची मांडणी तपासणे शहाणपणाचे. दोन्हीवर परतला, तर पुन्हा सांध्याकडे वळावे.

चौथा विशेष सुट्या भागांचा. 'मेड इन यूएसए' या शिक्क्यातील तीन अक्षरांचा 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा अर्थ लावणारा विनोद जुना आहे. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या माणसांनी कल्याण कॅम्पात शून्यातून उभ्या केलेल्या उद्योगशीलतेला त्यात एक प्रकारे मुजराही आहे. पण नकली भाग आज कोणत्याही शहरात आणि कोणत्याही संकेतस्थळावर मिळतो. सेन्सरच्या बाबतीत खोक्यावरच्या नावापेक्षा गाडीच्या चासी क्रमांकावरून काढलेला भागक्रमांक आणि पक्के बिल यांवर भरवसा ठेवावा. फटीचे वेल्डिंग मात्र अन्यत्र शोधावे लागत नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीमुळे आर्गन वेल्डिंग आणि लेथ यांचे जाणकार याच परिसरात आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेली हेडरची पट्टी सपाट करून घेतली, तर सांध्याची निम्मी तक्रार तेथेच मिटते. वेल्डिंगपूर्वी सेन्सर काढून ठेवावा आणि बॅटरीची तार सोडवावी.

दिवा विझवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

मागचा सेन्सर एका पोकळ नळकांड्यावर चढवून धुरापासून दूर नेणे, त्याच्या तारेत खोटा संकेत देणारी मंडले बसवणे, संगणकातून तो कोडच पुसून टाकणे, अशा युक्त्या बाजारात उघडपणे सुचवल्या जातात. त्यांनी दिवा विझतो. विषारी वायू तसाच बाहेर पडत राहतो. वरून, पुढे खरा बिघाड झाला तर तो सांगणारा कोणी उरत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज व वायुप्रदूषणाच्या मानकांच्या भंगासाठी कलम १९० मध्ये १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जप्त केलेल्या कर्णकर्कश सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याची दृश्ये राज्यातील अनेक शहरांनी पाहिली आहेत. पीयूसी चाचणीतही भारत स्टेज चार व पुढील पेट्रोल गाडीला उभ्या स्थितीत कार्बन मोनॉक्साइडची ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची दशलक्षात २०० भागांची मर्यादा पाळावी लागते. कन्व्हर्टर काढलेल्या गाडीला ती पाळणे अतिशय अवघड. याशिवाय कंपनीची हमी आणि विम्याचा दावा धोक्यात येतो, तो वेगळाच.

तेव्हा गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर मूळ मॅनिफोल्ड भंगारात देऊ नये. हेडर ठेवायचाच असेल, तर कन्व्हर्टर आणि दोन्ही सेन्सर आपापल्या जागी राहतील अशी रचना आहे का, आणि कल्याणच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाला ती मान्य होते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. तसे नसेल तर मूळ भाग परत बसवणे हीच सर्वांत स्वस्त दुरुस्ती ठरते.

उल्हास नदीच्या खोऱ्यातील या तीन शहरांनी कारखान्यांच्या धुराची आणि सांडपाण्याची झळ पुष्कळ सोसली आहे. त्या हवेत आपल्या गाडीने किती भर घालायची, हे मात्र प्रत्येक मालकाच्या हाती आहे. पिवळा दिवा त्याचीच आठवण करून देतो. तो पेटला तर आधी सांधा पाहावा, मग तार, मग जागा. आणि सेन्सरवर दोष ठेवण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी.